मेंदी, वस्मा आणि कलप : एका घरगुती विद्येचा इतिहास

इतिहास म्हणजे केवळ लढाया, तह आणि तख्तांची अदलाबदल नव्हे. माणसाने काय खाल्ले, काय पांघरले, आपल्या देहाची निगा कशी राखली, हाही इतिहासच होय. स्मरणिकेच्या वाचकांपुढे मी असाच एक घरगुती विषय ठेवीत आहे. तो म्हणजे वनस्पतींनी केस रंगविण्याचा. विषय वाचून काहींना हसू येईल. परंतु या क्षुल्लक वाटणाऱ्या विषयात धर्मशास्त्र आहे, वैद्यक आहे, रसायन आहे, शेती आणि व्यापार आहे. शिवाय आपल्या मुलाबाळांच्या आरोग्याचा एक प्रश्नही आहे. त्या प्रश्नाकडे शेवटी येऊ. आधी थोडे मागे जाणे भाग आहे.

काळ्या केसांची अडचण

आपल्या देशात बहुतेकांचे केस जन्मतः काळे. वय वाढते तसे त्यांत पांढरे केस डोकावू लागतात. उन्हात काम करणाऱ्यांच्या केसांची टोके तांबूस पडतात. म्हणजे आपली अडचण सगळे केस पांढरे झाल्याची नसते. एकाच डोक्यावर दोन-तीन रंग दिसतात, ही असते. जुन्या लोकांना हवे होते ते हे रंग जुळवून घेणे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. वनस्पतीचा रंग काळ्या केसाला उजळ करीत नाही. केसात मुळात जो रंग आहे तो काढून टाकण्याची शक्ती पानात नाही. पान फक्त आपला रंग वर चढविते. म्हणून नुसती मेंदी लावली, तर काळा केस काळाच राहतो, उन्हात तेवढी तांबूस झाक दिसते. पांढरा केस मात्र भडक नारिंगी होतो. दोहोंतला फरक मिटण्याऐवजी अधिकच उठून दिसतो. हा फरक मिटवायचा तर नारिंगीवर निळा चढवावा लागतो. नारिंगी आणि निळा एकत्र आले की तपकिरी, आणि निळा वाढला की काळसर छटा येते. मेंदीच्या जोडीला दुसरे पान का आले, याचे उत्तर एवढ्यात आहे. हे दुसरे पान म्हणजे नीळ. तिलाच मराठीत गुळीही म्हणतात, आणि तिच्या केसांसाठीच्या पानाला फारसी व उर्दूत वस्मा हे नाव आहे.

अरबस्तानातील परंपरा

इस्लामी परंपरेत केस रंगविण्याला खिजाब म्हणतात. हिजरी सन ८, म्हणजे इ.स. ६३० मध्ये मक्का जिंकली गेली. त्या दिवशी हजरत अबूबक्र (र.) यांचे वयोवृद्ध वडील अबू कुहाफा यांना प्रेषित मुहंमद (स.) यांच्यापुढे आणण्यात आले. त्यांचे केस व दाढी सगामा नावाच्या वनस्पतीसारखी पांढरीशुभ्र झाली होती. हा पांढरा रंग कशाने तरी बदला, मात्र काळा टाळा, अशा आशयाची सूचना प्रेषितांनी केल्याचे सहीह मुस्लिममध्ये नमूद आहे. पिकलेल्या केसांचा रंग बदलण्यास मेंदी आणि कतम ही उत्तम होत, अशा आशयाची हदीस अबू दाऊद व तिरमिजी यांच्या संग्रहांत आहे. कतम ही काळसर रंग देणारी वनस्पती. येमेनकडची म्हणून ती प्रसिद्ध होती. हजरत अबूबक्र (र.) मेंदी व कतम यांचे मिश्रण वापरीत आणि हजरत उमर (र.) नुसती मेंदी वापरीत, असेही रिवायतींत आले आहे. इमाम हुसैन (र.) यांचे केस वस्म्याने रंगविलेले होते, असा उल्लेख सहीह बुखारीत सापडतो.

काळ्या रंगाविषयी पुढे फकीहांमध्ये मतभेद झाले. कित्येकांनी तो मकरूह मानला, काहींनी सक्त मनाई केली, तर हनफी परंपरेतील इमाम अबू यूसुफ यांनी पतिपत्नींच्या परस्पर शोभेसाठी त्याला मोकळीक दिली. रणांगणावर शत्रूला वार्धक्य दिसू नये म्हणून काळा खिजाब लावण्यास बहुतेकांनी परवानगी दिली. फतवा देणे हे माझे काम नव्हे. त्यासाठी उलेमा आहेत. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला एवढेच दाखवावयाचे आहे की, या चर्चेत दोन उद्देश वेगळे ठेवलेले दिसतात. केसांना नेटके रूप देणे हा एक, आणि वयाबद्दल समोरच्याची फसवणूक करणे हा दुसरा. मेंदी आणि कतम यांच्या मिश्रणाने काळाभोर रंग येत नाही. गडद, तांबूस-काळसर रंग येतो. माणूस नेटका दिसतो, पण आपले वय लपवीत नाही.

पुढे मुसलमान वैद्यांनी या घरगुती चालीला शास्त्राची शिस्त लावली. स्पेनमधील अल-जहरावी यांच्या 'अत्-तस्रीफ' या तीस भागांच्या ग्रंथातील एकोणिसावा भाग प्रसाधनाला वाहिलेला आहे. इब्न सीना यांच्या 'कानून'च्या चौथ्या खंडात केस, त्वचा आणि नखे यांची स्वतंत्र चर्चा असून मेंदी व वस्मा हीच जोडी खिजाबाचा पाया मानलेली आहे. लक्षात घ्या, ज्या ग्रंथात ज्वर आणि अस्थिभंग यांची चिकित्सा आहे, त्याच ग्रंथात केसांचा रंगही आहे. त्या विद्वानांना हा विषय कमी दर्जाचा वाटला नाही.

भारतीय वैद्यकाचा प्रवाह

इकडे भारतातही ही विद्या जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिर यांच्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्ती नावाचा अध्याय आहे. त्याचा आरंभच केशरंजनाने होतो. मस्तक पांढरे असेल तर माळा, अत्तर, वस्त्र, अलंकार यांना शोभा नाही, असे सांगून ग्रंथकार लोखंडाचे चूर्ण आणि आंबट द्रव यांचा लेप सांगतो आणि तो लावल्यावर डोके ओल्या पानांनी बांधून ठेवावयास सांगतो. आयुर्वेदाच्या ग्रंथांत नीळ, माका, आवळा, हिरडा आणि लोहचूर्ण ही द्रव्ये केसांच्या संदर्भात पुनःपुन्हा भेटतात.

यातील लोखंडाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आवळा आणि हिरडा यांत तुरट द्रव्य भरपूर असते. तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग झाला की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांपासून रंगारी काळे कापड रंगवीत, ते याच न्यायाने. आजही कित्येक घरांत आवळकाठी लोखंडी कढईत रात्रभर भिजत घालतात आणि त्याच कढईत मेंदी कालवितात. आजीबाईला त्याचे रसायन ठाऊक नसेल, परंतु पितळेचे पातेले घेऊन चालणार नाही हे तिला पक्के ठाऊक असते. शास्त्र वहीत नसले तरी हातात असू शकते, याचा हा दाखला होय.

दख्खनमधील संगम

हे दोन्ही प्रवाह दख्खनमध्ये शेजारी शेजारी वाहिले. याचा एक सुंदर पुरावा आपल्या भागातच आहे. इतिहासकार म्हणून नावाजलेला मुहंमद कासिम फरिश्ता कॅस्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा. पण त्याचे बालपण निजामशाहीच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात गेले. १५८९ मध्ये तो विजापूरला गेला. त्याचा इतिहासग्रंथ सर्वांना माहीत असतो. परंतु त्याने 'दस्तूर-उल-अतिब्बा' नावाचा वैद्यकावरचा ग्रंथही लिहिला, हे फार थोड्यांना माहीत असते. भारतीय वैद्यांचे ज्ञान आणि येथील वनौषधी फारसी वाचणाऱ्यांना कळाव्यात, या हेतूने तो लिहिलेला आहे. परक्या भूमीतून आलेल्या विद्वानाने येथील वैद्यांपुढे शिष्य म्हणून बसावे, यात त्याला कमीपणा वाटला नाही.

त्याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी येथे नगर वसविले. औरंगजेबाच्या काळात त्याचे औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. अंबरने नहरींनी पाणी आणले. पाण्याबरोबर बागा आल्या, वस्ती आली आणि कारागीर आले. हिमरू आणि मशरू विणणाऱ्या या शहराला रंगाची गरज नित्याचीच. गुलमंडीजवळच्या रंगारगल्लीचे नाव त्या व्यवसायाची आठवण अजून जागी ठेवून आहे. रंगाऱ्याच्या हाताला नीळ, मंजिष्ठ, हळद आणि हिरडा यांची ओळख होती. घरातील स्त्रीला मेंदी आणि आवळा यांची. हकीम आणि वैद्य या दोघांच्याही द्रव्यांची नोंद ठेवीत. एकाच पानाला कोणी नीली म्हणे, कोणी गुळी, कोणी वस्मा; पण ते अत्ताराच्या दुकानात एकाच डब्यातून निघे. आपल्या दख्खनी संस्कृतीचे रूप मला या डब्यात दिसते.

१९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी संस्थानात युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. हैदराबादेत चारमिनारजवळ निजामिया तिब्बी कॉलेज व दवाखान्याची भव्य इमारत १९३८ मध्ये उभी राहिली. अशा रीतीने खिजाबाची विद्या एकीकडे ग्रंथात आणि दुसरीकडे घरोघरच्या न्हाणीघरात, अशा दोन ठिकाणी जिवंत राहिली.

पानात दडलेला रंग

आता या दोन पानांचे कार्य थोडक्यात पाहू. मेंदीचे शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस. लिनिअस याने आयझॅक लॉसन या स्कॉटिश वैद्याच्या सन्मानार्थ ते नाव दिले. तिच्या पानात लॉसोन नावाचे तांबूस-नारिंगी द्रव्य असते. त्याचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास. केस, नखे आणि त्वचेचा वरचा थर केराटिन या पदार्थाचे बनलेले असतात आणि लॉसोन केराटिनाला घट्ट बिलगते. म्हणून मेंदीचा रंग धुऊन जात नाही. केस वाढतो तसा नवा भाग तेवढा कोरा दिसतो.

नीळेची गोष्ट अधिक मौजेची आहे. तिच्या हिरव्या पानात निळा रंग नसतोच. त्यात इंडिकन नावाचे रंगहीन द्रव्य असते. पान पाण्यात भिजले की त्यापासून इंडॉक्सिल बनते आणि त्याचा हवेशी संयोग झाला की निळा रंग जन्मास येतो. म्हणजे रंग केसातच तयार व्हावा लागतो. यामुळेच केसांना पानांची भुकटी लागते. कापड रंगविण्यासाठी पानांचा अर्क काढून केलेली नीळेची वडी केसांच्या कामाची नाही, कारण त्यात रंग आधीच तयार होऊन बसलेला असतो आणि तो पाण्यात विरघळत नाही. आणि पांढऱ्या कपड्यांना घालावयाची बाजारी नीळ ही तर वेगळीच वस्तू. तिचा या झाडाशी काही संबंध नाही. एकाच शब्दाखाली तीन पदार्थ आहेत, हे वाचकांनी विसरू नये.

जुनी पद्धत यावरून सहज समजते. मेंदी कोमट पाण्यात, किंचित लिंबू पिळून किंवा चहाच्या पाण्यात, काही तास भिजवावयाची. दोन-तीन तास केसांना ठेवून धुवावयाची. नंतर वस्म्याची भुकटी कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावावयाची, कारण ती फार वेळ ठेवली तर रंग भांड्यातच तयार होऊन वाया जातो. तासा-दीड तासाने धुतल्यावर केस प्रथम हिरवट दिसतात; घाबरू नये, एक-दोन दिवसांत हवेने रंग गडद होतो. दोन्ही भुकट्या एकत्र लावल्या तर तपकिरी छटा येते, एकामागून एक लावल्या तर काळ्याकडे झुकणारी. पहिल्या खेपेस रंग पुरता जुळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस जुळतो. हे काम धीराचे आहे. आणि हा धीरच पुढे आपण गमावला.

डांबराचा रंग

एकोणिसाव्या शतकात युरोपच्या प्रयोगशाळांनी दगडी कोळशाच्या डांबरातून रंग काढण्याची विद्या हस्तगत केली. १८५६ मध्ये इंग्लंडच्या पर्किन याला जांभळा रंग सापडला. त्याच सुमारास बंगालचा शेतकरी निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमाखाली भरडला जात होता. १८५९-६० चा निळीचा उठाव आणि १९१७ चा चंपारणचा लढा आपण शाळेत शिकवितो. दरम्यान जर्मनीत बायर याने नीळ कृत्रिम रीतीने बनविण्याची वाट शोधली आणि १८९७ पासून कारखान्यातील नीळ बाजारात आली. शेतातल्या नीळेचा बाजार कोसळला.

कापडाच्या बाबतीत हा इतिहास पुस्तकांत आहे. केसांच्या बाबतीत तो कोणी सांगत नाही. पण तेथेही तेच घडले. १८६३ मध्ये हॉफमन या जर्मन रसायनज्ञाने पॅरा-फेनिलीन-डायअमीन या द्रव्याचे वर्णन केले. १८८० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये ते केस रंगविण्यासाठी उपयोगात आले आणि १९०७ मध्ये यूजीन श्यूलर याने केसांचा कृत्रिम रंग तयार करून विकण्यास आरंभ केला. आजच्या बहुतेक काळ्या कलपांत हेच द्रव्य किंवा त्याची भावंडे असतात. ज्या डांबराने शेतातली नीळ मारली, त्याच डांबराने न्हाणीघरातला वस्माही मागे सारला. सहा तासांचे काम अर्ध्या तासात होऊ लागले आणि रंग पहिल्याच खेपेस काळा दिसू लागला. लोकांनी नवी वस्तू उचलली, यात त्यांचा दोष नाही. कामावर जाणाऱ्या माणसाला अर्धा दिवस डोके बांधून बसणे परवडत नाही.

नाव पानाचे, काम रसायनाचे

दोष आहे तो दुसऱ्या गोष्टीत. रसायन आले ते आपले नाव घेऊन आले असते तर हरकत नव्हती. परंतु ते पुष्कळदा आपल्या मेंदीचे नाव घेऊन आले. काळी मेंदी या नावाने जी पाकिटे आणि कोन विकले जातात, त्यांतील कित्येकांत मेंदीपेक्षा पॅरा-फेनिलीन-डायअमीनचेच काम अधिक असते. कलपात हे द्रव्य डोक्यावर ठरावीक वेळ राहते. कोनातून ते हातावर जाते आणि तासन्‌तास राहते. युरोपीय संघात केसांच्या रंगात त्याचे प्रमाण शेकडा दोनपर्यंत मर्यादित आहे आणि त्वचेवर नक्षी काढण्यास त्याला परवानगी नाही. ईदनंतर शाळा भरते तेव्हा तळव्याच्या मागच्या बाजूस नक्षीच्याच आकाराचे फोड घेऊन आलेल्या मुली मी वर्गात पाहिल्या आहेत. आईने सांगितले, मेंदीच तर लावली होती. आईला खोटे बोलायचे नव्हते. तिला जे नाव सांगितले गेले ते तिने सांगितले.

एकदा या द्रव्याची ॲलर्जी जडली की ती बहुधा जन्माची सोबतीण होते. पुढे मोठेपणी कलप लावला तर चेहरा व डोळे सुजतात. हे द्रव्य पोटात गेले तर घसा सुजून श्वास कोंडतो आणि मूत्रपिंडे निकामी होतात. अशा घटना आपल्या देशातील रुग्णालयांना परिचित आहेत. आपल्या देशाच्या नियमांनुसार हे द्रव्य असलेल्या कलपावर सूचना छापणे बंधनकारक आहे. त्वचेस त्रास होण्याचा संभव असल्याने आधी चाचणी घ्यावी आणि भुवया व पापण्यांना हा रंग लावू नये, तसे केल्यास अंधत्व येऊ शकते, असे त्यात सांगावे लागते. तेही इंग्रजीबरोबर स्थानिक भाषांत. सूचना असते, पण अक्षर बारीक असते आणि वाचणारा डोळा घाईत असतो.

तथापि वनस्पतीचे म्हणून सारे निर्धोक, असेही मी म्हणणार नाही. रक्तातील एका विशिष्ट विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाला मेंदी लावल्यास रक्तपेशी फुटून प्रकृती गंभीर होऊ शकते. म्हणून तान्ह्या मुलांना मेंदी न लावणेच बरे. नीळेचीही एखाद्याला ॲलर्जी असू शकते. शुद्ध वस्म्याची भुकटीही कधी काळी मेंदी म्हणून विकली जाते, त्यामुळे नावावरून काहीच कळत नाही. काही खुणा मात्र सोप्या आहेत. खऱ्या मेंदीचा आणि वस्म्याचा रंग भुकटीत हिरवट असतो. हातावरची खरी मेंदी आधी नारिंगी उमटते आणि एक-दोन दिवसांत गडद होते. अर्ध्या तासात जी काळीभोर उमटते ती नुसती पानाची नव्हे. कोणतीही भुकटी वापरण्यापूर्वी थोडी कानामागे लावून दोन दिवस वाट पाहावी, आणि कंगव्यात आलेल्या केसांवर रंग आधी करून पाहावा. एवढ्याने पुष्कळ दुःख टळेल.

शेतांत ही पाने आजही पिकतात. राजस्थानच्या पाली जिल्ह्यातील सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तामिळनाडूत नीळेची शेती चालू आहे. म्हणजे वस्तू नाहीशी झालेली नाही. तिची पारख नाहीशी होत चालली आहे.

वाचकहो, अल-जहरावी आणि इब्न सीना यांची नावे आपण सभांतून अभिमानाने घेतो. घ्यावीत. परंतु त्यांनी द्रव्य हातात घेतले, ते तपासले, त्याचे गुणदोष लिहून ठेवले, म्हणून ते मोठे झाले. फरिश्त्याने जे माहीत नव्हते ते शेजाऱ्याकडून शिकून घेतले. त्यांचे वारस म्हणविणाऱ्या आपण पाकिटाच्या मागची चार ओळींची यादी वाचू नये, ही गोष्ट शोभण्यासारखी नाही. आपल्या संस्था मुलींना अक्षरओळख देतात. त्या अक्षरांचा पहिला उपयोग परीक्षेच्या कागदावर होवो, पण दुसरा उपयोग घरातील मेंदीच्या पाकिटावर व्हावा. मुलीने आईला ती यादी वाचून दाखवावी आणि आईने मुलीला लोखंडी कढईतली मेंदी कालवून दाखवावी. असे झाले तर दोघींचेही शिक्षण पुरे होईल आणि एका जुन्या विद्येचा इतिहास येथेच संपणार नाही.